परगावचं कपाट

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचणारी भाग्यवान बाई. नोकरी लागण्याआधी मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात महाडच्या पेठेतल्या आमच्या वाचनालयात माझी हयात गेली ती पुस्तकं पुसण्यात, डकवण्यात आणि खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढवण्यात. यातलं शेवटचं काम बाहेरगावच्या वाचकांना समजावून सांगायला हवं. ग्रंथालयशास्त्रात पुस्तकांची वर्गवारी विषयानुसार करायला शिकवतात. आमच्याकडे आणखी एक वर्गवारी असते, पाण्यानुसार. सावित्री फुगली की पेठेत पाणी येतं, आणि ते कुठल्या फळीपर्यंत येईल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मे महिना संपता संपता आम्ही सगळं वाचनालय उलटंपालटं करायचो. ज्याच्यावाचून वाचकांचं अडेल ते वर, ज्याच्यावाचून कुणाचंच अडणार नाही ते खाली. आपण कितव्या फळीवर आहोत हे त्या त्या लेखकांना कळलं असतं, तर माझ्यावर अब्रुनुकसानीचे दावे लागले असते.

वाचकही एकेक नमुने. एक निवृत्त गुरुजी हातात पेन्सिल घेऊनच वाचायचे आणि प्रत्येक लेखकाचं शुद्धलेखन तपासून पुस्तक परत करायचे. गोष्ट काय होती ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही. एक वहिनी भाजीवाल्याबरोबर निरोप पाठवायच्या, ‘मागच्यासारखंच रडवणारं द्या, पण शेवट गोड हवा.’ पुस्तकात खूण म्हणून लोक काय ठेवतील याचा नेम नाही. एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका, अर्धा पापड, आणि एकदा चक्क सुकट. त्या रहस्यकथेचा वास शेवटपर्यंत गेला नाही. नवीन सभासदसुद्धा ‘ती वासाची कादंबरी आहे का?’ असं विचारत यायचे, इतकी तिची ख्याती झाली होती.

पण मला लिहायचंय ते माळ्यावरच्या एका कपाटाबद्दल आणि ते अख्खं कपाट वाचून काढणाऱ्या एकमेव वाचकाबद्दल.

त्या कपाटाचं नाव मीच ठेवलं होतं, परगावचं कपाट. आपला मुलूख सोडून दूर देशी गेलेल्या माणसांच्या कादंबऱ्या मी त्यात वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. बहुतेक अनुवादित. कोणी बोटीनं जातो, कोणी विमानानं, कोणी कंटेनरमध्ये लपून. तिथं बर्फ असतं, भाषा येत नाही, जेवण गोड लागत नाही, आणि इकडे मागे कोणीतरी वाट बघत असतं. या पुस्तकांना वाचक नव्हते. आमच्याकडे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला असतंच, त्यामुळे गेलेल्या माणसाची गोष्ट घरबसल्या मिळत असताना ती पुस्तकातून कोण वाचणार? मी मात्र ती आवडीनं वाचायचे. दुपारी वाचनालय रिकामं असलं की माळ्यावर जायचे आणि मागे राहिलेल्या आईसाठी डोळे पुसून खाली यायचे. जाणाऱ्या मुलाचा मला फार राग यायचा. प्रत्येक कादंबरीत मी आईच्या बाजूनं असायचे.

याला कारण होतं. माझं माहेर खानदेशात, अमळनेरला. माझा धाकटा भाऊ सुधीर नोकरीसाठी सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला. आई शेवटची काही वर्षं एकटी राहिली. ती गेल्यावर त्यानं घराला कुलूप लावलं. आमचं भांडण असं झालं नाही. राखीला फोन, दिवाळीला फोन, मुलांच्या निकालाचे फोन, सगळं व्यवस्थित. पण आत एक अढी बसली होती, आणि कादंबऱ्या वाचून ती वर्षानुवर्षं ताजी राहायची.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. भातकापणी आटोपली होती. एका दुपारी मी माळ्यावर असताना जिन्यावर आधी चाव्यांचा आवाज आला आणि मग एक म्हातारबाबा. उंच, वाळकुडे, स्वच्छ धोतर, आणि कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की मला वाटलं कुठल्या तरी देवस्थानचे कारभारी असतील. ते पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचे उतेकर आप्पा. गुडघे दुखतात म्हणून सवच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला आले होते, तिथून परत जाताना वाट वाकडी करून वाचनालयात आले.

“बाई, परदेशात गेलेल्या मानसांची पुस्तकं हायत म्हनं तुमच्याकडं.”

“आहेत की. कुठल्या देशातली हवीत?”

“देश कुठलाबी चालंल. मानूस गेलेला पायजे.”

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू कळलं. आप्पांचा मुलगा प्रकाश आधी पनवेलला, मग दुबईला आणि आता बायको-मुलीसह कॅनडात. आप्पांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा मागे लागला होता की आता इकडे कायमचेच या, एकटे राहू नका. आप्पांनी त्याच्याकडून मुदत मागून घेतली होती. शिमगा होऊ दे, मग सांगतो.

“पण कादंबऱ्या कशाला, आप्पा? प्रकाशलाच विचारा ना तिकडे कसं आहे ते.”

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला व्यवहार कळतो की नाही याची त्यांना शंका आली असावी. “बाई, पोरगी द्यायची झाली तर आपन चौकशी करतो का नाय? घर कसं, मानसं कशी, पानी कुठनं आनायचं? हितं तर मलाच द्यायचाय. आनि स्थळाकडची मानसं आपल्या तोंडानं वायीट सांगतील व्हय?”

मी कपाट उघडलं. या वयात सासरी निघालेल्या माणसाला पहिलं पुस्तक कुठलं द्यावं, असा प्रश्न माझ्या साऱ्या नोकरीत कधी पडला नव्हता.

आप्पा सातवीपर्यंत शिकलेले, पण वाचनात तयार. चातुर्मासात गावच्या देवळात पोथी तेच वाचायचे. त्यांना मनात वाचायची सवयच नव्हती. त्यामुळे मी दिलेली पहिली कादंबरी त्यांनी घराच्या ओटीवर बसून, पोथीच्या चालीवर, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोन-चार दिवसांत शेजारपाजारची म्हातारी माणसं येऊन बसू लागली. सगळ्यांची मुलं बाहेरगावी, दुपार मोकळी. एका थंड देशात मासळीच्या कारखान्यात राबणाऱ्या तरुणाची ती गोष्ट. परक्या भाषेतल्या त्या लेखकाला स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल की आपलं पुस्तक असं भात झोडून झालेल्या अंगणात, अध्याय पाडून ऐकलं जाईल.

पुस्तक परत करायला आले ते तक्रार घेऊनच.

“बाई, ह्या लेखकानं आमची पंचाईत केली. मधीच त्या पोराची आय मेली.”

“हो, तो भाग फार वाईट आहे.”

“वायीट हाय ते ठीक, पन आमची सुंदराबाय म्हनाली, मरनावर पोथी बंद करायची नसते, पुढं वाच. मी पुढं वाचलं, तर त्याची नोकरी गेली. ती म्हनाली, ह्याच्यावरबी नको, पुढं वाच. मंग त्याला ताप आला. पानं गेली, दिवेलागन झाली, माझा घसा बसला, पन मेल्याचं बरं काय व्हयना! शेवटाला कुठं त्यानं दुकानात जाऊन नवं बूट घेतलं. म्हटलं, चला, नवी वस्तू आली घरात, हितं ठेवू.”

मी हसता हसता टेबलावर डोकं टेकलं. तो बुटांचा प्रसंग मी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा उगाच लांबवलाय असं मला वाटलं होतं. आता तो मी परत काढून वाचला, तर खरंच, त्या पुस्तकात तोच एक चांगला दिवस होता.

“पन चौकशी काय झाली नाय,” आप्पा म्हणाले. “मुद्द्याचं त्यानं लिव्हलंच नाय.”

“मुद्द्याचं म्हणजे?”

“घराची चावी कुनाकडं दिली त्यानं?”

मला आधी कळलंच नाही. आप्पांनी कमरेचा जुडगा पुढे धरला. ह्या त्यांच्या वाडीतल्या बंद घरांच्या चाव्या. माणसं मुंबईला, पुण्याला, कोणी आखातात. जाताना चावी आप्पांकडे. कौलं सरकली तर ते बघतात, वाळवी लागली तर फोन करतात, पावसाळ्यानंतर दारं-खिडक्या उघडून घरांना वारा देतात. “आता एवढं जाड पुस्तक. निघताना त्यानं ट्रंकेत काय काय भरलं ते लिव्हलंय, आय कशी रडली ते लिव्हलंय. आय मेल्यावर घर कुनी बघितलं, चावी कुठं गेली, कायबी नाय. मंग चौकशी कशी व्हायाची?”

त्यानंतर मी त्यांना एकामागून एक पुस्तकं देत गेले. एका नव्या लग्न झालेल्या मुलीचं, जिच्या परदेशातल्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. आप्पांनी त्यावर, “पोरीला गाव नाय गावला,” एवढंच म्हटलं. एका गडगंज श्रीमंत झालेल्या माणसाचं. “पैका केला, पन सनाला घरी कोन आला नाय.” प्रत्येक वेळी शेवटचा प्रश्न तोच. चावीचं काय? आणि प्रत्येक वेळी उत्तर नाही. मीही वाचताना चावी शोधायला लागले. इतकी वर्षं रडून घेतलेली पुस्तकं मी पुन्हा काढली आणि त्यात निघणारा माणूस दाराला कुलूप लावतो तिथं थांबून बघू लागले. मागे राहिलेल्या आईपाशीच मी इतकी वर्षं बसून होते. कुलूप लावणाऱ्याच्या हाताकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. काही लेखकांनी तो हात थरथरला असं सरळ लिहून ठेवलं होतं आणि मी ते वाक्य ओलांडून गेले होते.

एकदा चहा पिताना आप्पांनी सहज विचारलं, “बाई, तुमचं म्हायेर कुठलं?”

“खानदेशातलं. अमळनेर.”

“लय लांब. म्हंजी तुमीबी परगावच्याच. पयल्यांदा आलात तवा जमलं का हितं?”

मला एकदम माझं महाडातलं पहिलं वर्ष आठवलं. तिन्ही त्रिकाळ भात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसाठी जीव कासावीस व्हायचा, पण सांगणार कुणाला? मासे शिजले की मी मागच्या दारी जाऊन उभी राहायचे. माझ्या बोलण्याला जाऊबाई हसायच्या, म्हणून मी महिनोन्‌महिने कमी बोलले. परगावचं कपाट भरलं मी, त्याला नाव दिलं मी, आणि त्यातली प्रत्येक बाई दुसरीच कोणी आहे असं समजून वाचत राहिले, हे त्या क्षणी लक्षात आलं. पुस्तकांत राहणाऱ्या बाईला हे कळायला निवृत्तीचं वय यावं लागलं. मी आप्पांना ‘जमलं’ एवढंच सांगितलं.

“आनि म्हायेरच्या घराची चावी कुनाकडं?”

“माहीत नाही,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

त्या संध्याकाळी मी सुधीरला फोन केला. राखी नाही, दिवाळी नाही, तो घाबरलाच. “ताई, सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. अमळनेरच्या घराची चावी कुणाकडे असते रे?”

तो म्हणाला, “माझ्याकडेच आहे. इथं, देवघरात ठेवलीय. रोज दिसते, पण जायचं धाडस होत नाही. आई दार उघडायला येणार नाही, हे बघायला जायचं का, ताई?”

मी फोन ठेवला आणि खूप रडले. या वेळी आईसाठी नाही, सुधीरसाठी. आईला सोडून आम्ही दोघंही गेलो होतो. मी गेले तेव्हा दारात वाजंत्री होती आणि तो गेला तेव्हा नव्हती, एवढाच काय तो फरक. मला गावानं रडत निरोप दिला आणि त्याला नावं ठेवली, आणि ती नावं ठेवण्यात मीही होते.

शिमग्याला आप्पांनी मला आग्रहानं कापड्याला बोलावलं. “पालखी बघा आमची. चौकशीला उपयोगी पडल.” त्यांची चौकशी आता माझीही झाली होती.

तिथला रिवाज मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी प्रत्येक घरी येते. पुढे निशाण, मागे ढोल. अंगणाच्या तोंडाशी आली की निशाणवाला हाक देतो, “घरात कोन हाय?” आतून उत्तर आलं की पालखी अंगणात टेकते, घरची बाई ओवाळते, ओटी भरते, नारळ वाढवतात. उत्तर आलं नाही तर पालखी पुढच्या घरी. आपल्या दारावरून देवी तशीच पुढे गेली, हे कुठल्याही घराला नको असतं. म्हणून त्या दिवसांत मुंबईची माणसं मिळेल त्या गाडीनं येतात. पण सगळ्यांना रजा मिळत नाही, आणि आखातातून कोण येणार?

तिथं आप्पांचा जुडगा कामी येत होता. पालखी एका घरी टेकली की आप्पा मागच्या बाजूनं पुढच्या बंद घराकडे निघायचे. धोतर सावरत, गुडघे सांभाळत, कुलूप उघडून आत शिरायचे आणि आधीच तयार ठेवलेला दिवा लावायचे. निशाणवाल्याची हाक आली की आतून मोठ्यानं उत्तर द्यायचे, “हाय, मानूस हाय!” मग घामाघूम होऊन, जणू तिथंच राहत असल्यासारखे ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर. गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं की हे घर बंद आहे आणि आत कोण आहे. पण कोणी हसत नव्हतं. उलट आप्पांना दम लागायला लागला की पालखीवाले बिनकामाचे थांबायचे, ढोलवाला ढोल आवळायचं निमित्त करायचा, म्हणजे म्हातारा पुढच्या घरात वेळेवर पोचावा.

“बघितलंत?” संध्याकाळी ओटीवर पाय पसरून आप्पा म्हणाले. “आता सांगा, मी गेलो तर ह्या घरांतनं ‘हाय’ कुनी म्हनायचं?”

त्यांची मुदत संपली होती. प्रकाशचा फोन आला तेव्हा आप्पा म्हणाले, “अजून चौकशी चालूच हाय.” पण तोंडावरून दिसत होतं की निकाल लागलेला आहे. ते जाणार नव्हते. खरं सांगते, मला बरं वाटलं. महाडात माझे इतके जवळचे वाचक फार नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चवदार तळ्यावर वीस मार्चच्या सत्याग्रहदिनाची गर्दी लोटली. तेव्हा तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं मांडलेली असतात आणि आमच्या वाचनालयाची वर्षाची निम्मी खरेदी तिथंच होते. उन्हात उभी राहून मी पुस्तकं चाळत होते, तर परगावच्या कपाटात शोभेल अशी एक कादंबरी हाती लागली. आप्पांना नवीन काहीतरी द्यावं म्हणून घेतली. आधी वाचलीही नाही. ग्रंथपालानं असं करू नये, पण तेव्हा वार्षिक हिशेबाची घाई होती.

पंधरवड्यानं आप्पा आले. जिन्यावर चाव्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. बसले, पाणी प्यायले, आणि पुस्तक टेबलावर ठेवून त्यावर हात ठेवला.

“बाई, ह्यात चावी हाय.”

“खरंच? कुणाकडे दिली?”

“त्या पोरीच्या गळ्यात.”

ती गोष्ट परदेशात गेलेल्या एका जोडप्याच्या मुलीची होती. आईबाप दोघं कामावर. मुलगी शाळेतून एकटी येते, गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या चावीनं दार उघडते, आणि रिकाम्या घरात शिरताना भीती वाटू नये म्हणून रोज कोणालातरी हाक मारते. उत्तर देणारं कोणी नसतं. आप्पांनी ते ओटीवर मोठ्यानं वाचलं. सुंदराबाईंनी विचारलं, “आप्पा, आपली सई कशी जाते रं घरात?”

सई आप्पांची नात. सहावीत.

“मी तितल्या तितं प्रकाशला फोन लावला. इचारलं. तो म्हनाला, व्हय आप्पा, तिच्याकडं चावी असते, हितं सगळी पोरं तशीच येतात, घाबरायचं काय नाय.” आप्पांनी जुडग्यावर हात ठेवला. “माझ्या कमरेला गावाच्या चाव्या हायत, बाई. दुसऱ्यांच्या रिकाम्या घरात मी धावत जातो, ‘हाय, हाय’ म्हनत. आनि माझी पोर रोज रिकामं घर उघडते.”

मी त्यांना चहा दिला. खाली कोणीतरी वासाची कादंबरी मागत होतं, तेही मी ऐकून घेतलं नाही.

“मी जानार,” आप्पा म्हणाले. “चौकशी झाली.”

जाण्याआधी त्यांनी जुडगा सोडवून चाव्या वाटल्या. काही सुंदराबाईंकडे, काही निशाणवाल्याच्या भावाकडे. गावात उरलेलं प्रत्येक म्हातारं माणूस आता दोन-दोन, तीन-तीन घरांतून ‘हाय’ म्हणणार होतं. त्यांच्या स्वतःच्या घराची चावी मात्र त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“आप्पा, मी कशी? मी गावची नाही.”

“गावच्या मानसांना आता घरं जास्त झालीत आनि पाय कमी. आनि तुमी बाहेरून आलेल्या, तुमाला बंद दार कसं लागतं ते कळतं. वर्साला एक दिस तर यायचं.” मग उठता उठता म्हणाले, “दार खालनं अडतं. उचलून ढकला.”

त्याच वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आणि सुधीर अमळनेरला गेलो. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. मी कित्येक वर्षं गेले नव्हते. सुधीरनं कुलूप उघडलं तेव्हा त्याचा हात थरथरत होता, आणि मी तो हात धरला. घरात धूळ होती, आईची दोन पातेली होती. दोघांनी मिळून झाडलं. समोरच्या शांतामावशींनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणून दिला, आणि निघताना चावी आम्ही त्यांच्याकडे दिली. “पोरी, आता ये जाय करत राय,” त्या म्हणाल्या. त्यांना कादंबऱ्या ठाऊक नाहीत, पण चावी मात्र त्यांनी लगेच पदराच्या गाठीत बांधली.

आप्पांचे फोन येतात. तिकडे त्यांना चहा पानचट लागतो, थंडीत गुडघे जास्त दुखतात, आणि सवसारखं गरम पाणी कुठं नाही म्हणून त्यांनी एकदा न्हाणीघरातल्या टबात इतकं पाणी सोडलं की खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला. गाव अजून गवसला नाही म्हणतात. पण सईला त्यांनी एक गोष्ट शिकवली आहे. ती शाळेतून येते, दार स्वतःच्याच चावीनं उघडते, कारण तिला ते आवडतं, आणि उंबऱ्यातून ओरडते, “घरात कोन हाय?” तिला मराठीतलं सगळ्यात स्वच्छ येणारं वाक्य ते आहे, असं प्रकाश मला हसत हसत सांगत होता.

यंदा शिमग्याला मी दुपारच्या गाडीनं कापड्याला गेले. दार खालून अडलं. उचलून ढकललं. घर झाडलं, ताट तयार केलं, दिव्यात तेल घातलं. मला वाटलं होतं, फोन लावून ठेवावा, आप्पांनी तिकडून उत्तर द्यावं, म्हणजे खऱ्या मालकाचा आवाज जाईल. सकाळीच विचारलं तर ते रागावले. “देवीला फोनवरनं उत्तर देत्यात व्हय? घरात असंल त्यानं द्यायचं.” म्हणून मी फोन पिशवीत टाकला.

उन्हं कलली तशी ढोल जवळ आला. शेजारच्या घरी पालखी जरा जास्तच वेळ टेकली. ढोलवाला ढोल आवळत होता. माझी काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा दिवा लागला. मग अंगणाच्या तोंडाशी पावलं थांबली आणि निशाणवाल्यानं हाक दिली, “घरात कोन हाय?”

माझा आवाजच फुटला नाही. अमळनेरची मी, की महाडची, की इथली? बाहेर कोणी हललं नाही. पालखी पुढे गेली नाही. निशाणवाल्यानं, मी आत आहे हे पुरतं माहीत असताना, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं पुन्हा विचारलं, “घरात कोन हाय?”

मी ताट उचललं आणि आतूनच मोठ्यानं म्हणाले, “हाय! मानूस हाय!”